परदेशातून मागवलेलं पार्सल वाटेत हरवलं, तर पैसे परत कसे मिळवायचे

वडिलांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली होती. लॅमिंग्टन रोडला दोन फेऱ्या मारल्या, त्या कार्ट्रिजला बसणारी सुई काही मिळेना. शेवटी इंग्लंडमधल्या एका दुकानदाराकडून ऑनलाइन मागवली. सुई ३८ पौंड, टपालखर्च साडेनऊ पौंड. ४ जूनला पैसे भरले. ९ जूनला ट्रॅकिंगवर ‘देशाबाहेर रवाना’ अशी ओळ उमटली आणि पुढचा महिनाभर मी रोज सकाळी चहाबरोबर तीच ओळ वाचत राहिलो.

पार्सल पोचण्याची तारीख १८ जून ते २ जुलै अशी दाखवली होती. ५ जुलैला दुकानदाराला लिहिलं. उत्तर अगदी गोड आलं: काळजी करू नका, कस्टम्समध्ये अडकलं असेल, २० जुलैपर्यंत थांबा. थांबलो. २१ जुलैला पुन्हा लिहिलं, तर म्हणाला, तुमच्याकडे पावसाळा आहे ना, ५ ऑगस्टपर्यंत वाट पाहूया. या वेळी मात्र मी कॅलेंडर काढलं. ज्या साइटवरून खरेदी केली होती, तिथे तक्रारीची मुदत शेवटच्या अपेक्षित तारखेपासून ३० दिवस होती. म्हणजे १ ऑगस्ट. दुकानदार मला जी तारीख देत होता, ती मुदत संपून चार दिवस झाल्यानंतरची होती. तो लबाड होता की नुसताच भाबडा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी ३० जुलैला तक्रार टाकली आणि पैसे परत मिळाले. त्याच्या बोलण्यावर ५ ऑगस्टपर्यंत थांबलो असतो, तर पाच हजारांवर पाणी सोडावं लागलं असतं.

पार्सल शोधणं आणि पैसे परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या वेळी डोक्यात पक्कं बसलं. बहुतेक लोक पहिल्या कामात गुंततात. पोस्टात खेटे घालतात, ट्रॅकिंगच्या पाच वेबसाइट धुंडाळतात, आणि तोवर दुसऱ्या कामाची मुदत गुपचूप निघून जाते. शोधायचं काम पाठवणाऱ्याचं. आपलं काम पैशांचं.

आधी कागदावर तीन तारखा

पार्सलला उशीर होतोय अशी शंका आली, की तीन तारखा लिहून ठेवा: पैसे कापले गेले ती, पार्सल पोचण्याची शेवटची अपेक्षित तारीख, आणि ट्रॅकिंगवरच्या शेवटच्या नोंदीची. पुढची प्रत्येक मुदत पहिल्या दोन तारखांवरून मोजली जाते.

मग स्क्रीनशॉट. ऑर्डरचं पान, वस्तूच्या जाहिरातीचं पान, अपेक्षित तारीख दिसणारं पान, ट्रॅकिंगचं पान, दुकानदाराशी झालेलं बोलणं. आजच काढा, कारण विकली गेलेली वस्तू यादीतून गायब होते आणि काही साइटवर अपेक्षित तारीख आपोआप पुढे सरकते. मूळ तारखेचा पुरावा हाताशी नसेल तर पुढे नुसता वाद होतो.

नंबर वाचता आला पाहिजे

टपालाने येणाऱ्या पार्सलचा आंतरराष्ट्रीय नंबर १३ खुणांचा असतो. आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. उदाहरणार्थ ‘आरआर ४७३१२४८२९ जीबी’. ही पद्धत जागतिक टपाल संघटनेची. संघटना १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झाली आणि भारत १८७६ पासून तिचा सदस्य आहे, त्यामुळे जपान असो की जर्मनी, रचना सारखीच.

पहिलं अक्षर महत्त्वाचं. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘ई’ म्हणजे स्पीड पोस्टच्या तोडीची ईएमएस सेवा, ‘सी’ म्हणजे पार्सल. ‘यू’ असेल तर कपाळावर हात मारा. ती साधी, वाटेत नोंद न होणारी पुडी आहे. नंबर असला तरी आपल्याकडे पोचल्यावर तिची नोंद दिसेलच असं नाही. पण निराश होऊ नका. पोचल्याची नोंद नसणं पैशांच्या लढाईत आपल्याच बाजूचं असतं, कारण माल पोचवल्याचा पुरावा दुकानदाराला द्यावा लागतो आणि तो त्याच्याकडे नसतो.

नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. दुकानदाराने चुकीचा किंवा मनचा नंबर दिलाय असा संशय असेल, तर घरबसल्या तपासता येतो. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा आणि बेरीज करा. वरच्या नंबरात ४, ७, ३, १, २, ४, ८, २ हे आकडे आहेत. गुणाकार येतात ३२, ४२, १२, २, ६, २०, ७२, १४. बेरीज २००. तिला ११ ने भागलं की बाकी उरते २. अकरातून दोन गेले, राहिले नऊ, आणि नंबरातला नववा आकडा ९ आहे. जुळलं. (वजाबाकी १० आली तर आकडा ० धरतात, ११ आली तर ५.) हिशोब जुळला म्हणून पार्सल खरंच निघालं असं होत नाही, पण जुळला नाही तर दुकानदाराला विचारायला तुमच्याकडे नेमका प्रश्न असतो.

नेमकं कुठे अडलंय?

शेवटची नोंद पाठवणाऱ्याच्याच देशात, ‘माहिती मिळाली’ किंवा ‘लेबल तयार झालं’ अशी असेल, तर पार्सल बहुधा टपालात पडलेलंच नाही. इथे वाट पाहण्यात अर्थ नाही. आठवडाभरात हललं नाही तर पैसे मागा.

तिकडून निघालं पण भारतात आल्याची नोंद नाही, ही माझ्या सुईची गत. या टप्प्यावर कुणालाच काही दिसत नसतं. आपल्या पोस्टमास्तरांना विचारून उपयोग नाही, ते तुमच्यासारखंच संगणकावर बघणार.

भारतात आल्याची नोंद आहे आणि तिथून पुढे गाडं अडलंय, तर बहुधा कस्टम्स. आपल्याकडचं बरंचसं परदेशी टपाल मुंबईत उतरतं; बॅलार्ड इस्टेटमधलं विदेश डाक भवन त्यासाठीच आहे. तिथे पार्सल आठवडेच्या आठवडे पडून राहू शकतं आणि मग एक दिवस अचानक निघतं. खासगी कुरिअरने मागवलं असेल तर आधी ईमेलचा स्पॅम फोल्डर उघडा. कस्टम्ससाठी आधार किंवा पॅन मागणारी केवायसीची लिंक कुरिअर कंपनी पाठवते. ती न भरल्यामुळे पार्सल परत गेल्याची उदाहरणं मी दोन-तीन मित्रांकडे पाहिली आहेत, आणि अशा वेळी चूक आपली धरली जाते. (त्या लिंकच्या नावाखाली फसवणारेही पुष्कळ. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्याऐवजी कुरिअर कंपनीची साइट स्वतः उघडून तिथे नंबर टाका.)

जप्त होणं म्हणजे हरवणं नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. ई-सिगारेट, ड्रोन असल्या गोष्टींच्या आयातीला आपल्याकडे बंदी आहे. त्या मागवल्या आणि कस्टम्सने ठेवून घेतल्या, तर कुठलीही साइट किंवा बँक तुमच्या मदतीला येणार नाही. ड्यूटी भरायला नकार दिल्यामुळे पार्सल परत गेलं, तरी तेच.

आणि सगळ्यात त्रासदायक प्रकार: ट्रॅकिंगवर ‘वितरित’, हातात मात्र काही नाही. इथे त्याच दिवशी हालचाल करायची. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, शेजारी, खालचा किराणावाला, आणि मुख्य म्हणजे आपल्या बीटचा पोस्टमन. फोनवरच्या तक्रारीपेक्षा पोस्टमनला जास्त ठाऊक असतं. त्याने सांगितलं की असं पार्सल माझ्याकडे आलंच नाही, तर पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्या: अमुक नंबरची वस्तू मला मिळालेली नाही, कुणाच्या सहीने दिली त्याची नोंद द्यावी. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्का असलेला तो कागद पुढे साइट आणि बँक दोघांनाही दाखवता येतो. तो नसेल, तर ‘वितरित’ या एका शब्दावर तुमचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता दाट.

दुकानदाराला पत्र

पहिला निरोप दुकानदारालाच, आणि तो साइटच्या आतल्या मेसेजमधूनच. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूया’ किंवा ‘मला थेट ईमेल करा’ असं तो म्हणाला तरी नको. साइटबाहेरचं बोलणं साइट बघत नाही.

सूर साधा ठेवा. फसवलं, चोर, पोलिसात जातो, असलं काही नको. तक्रार निवाड्याला जाते तेव्हा हे सगळं तिथला माणूस वाचतो. मी लिहायला हवं होतं ते साधारण असं, तुम्ही याचं इंग्रजी करून पाठवू शकता: ‘ऑर्डर क्रमांक अमुक. पोचण्याची शेवटची तारीख २ जुलै होती. आज ५ जुलै, पार्सल मिळालेलं नाही. ट्रॅकिंगवर ९ जूननंतर नोंद नाही. माझा पत्ता ऑर्डरवर आहे तोच बरोबर आहे. कृपया तुमच्या टपाल खात्याकडे चौकशी नोंदवा. सात दिवसांत पार्सलचा पत्ता लागला नाही, तर पूर्ण रक्कम टपालखर्चासह परत करावी.’

शेवटच्या वाक्यात ‘पूर्ण’ आणि ‘टपालखर्चासह’ हे दोन्ही शब्द असू द्या. मुदतही तुम्हीच द्या, त्याच्याकडून मागू नका. माझी चूक तिथेच झाली. ‘केव्हापर्यंत थांबू?’ असं मी विचारलं आणि त्याने मला दोनदा पंधरवडा पुढे ढकललं.

दुकानदार ब्रिटनमधला असेल तर एक ओळ वाढवा. तिथल्या २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टच्या कलम २९ प्रमाणे माल ग्राहकाच्या ताब्यात पडेपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची असते. युरोपीय संघात २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाचं कलम २० तेच सांगतं. भारतात बसून या कायद्यांवर कोर्टात जाणं व्यवहार्य नाही, पण कलमाचा आकडा वाचला की ‘आम्ही पाठवलं, आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणणाऱ्या दुकानदाराची भाषा बदलते. फक्त तो व्यापारी हवा. स्वतःचा जुना कॅमेरा विकणाऱ्या माणसाला हे कलम लागू होत नाही.

दुकानदार कधीकधी दुसरा नग पाठवायला तयार होतो. चांगलंच आहे, पण त्यात तुमची तक्रारीची मुदत वाढत नाही. दुसरं पार्सल पोचायच्या आत पहिल्याची मुदत संपत असेल, तर सरळ पैसे मागा.

साइटवर तक्रार

मुदती वेगवेगळ्या आहेत, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. ईबेवर शेवटच्या अपेक्षित तारखेनंतर ३० दिवसांच्या आत ‘वस्तू मिळाली नाही’ अशी नोंद करावी लागते. दुकानदाराला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. तोवर त्याने प्रश्न सोडवला नाही तर ईबेला मध्ये पडायला सांगता येतं. हाताने बनवलेल्या वस्तूंच्या एट्सी या साइटवर आधी दुकानाला मेसेज, ४८ तास वाट, मग तक्रार. तिथे अपेक्षित तारखेपासून १०० दिवस मिळतात. अमेझॉनच्या अमेरिकी साइटवर दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलं असेल, तर त्यांची ए-टू-झेड हमी शेवटच्या अपेक्षित तारखेपासून ९० दिवस चालते.

ईबेवरची एक गंमत लक्षात ठेवा. तीन दिवस उलटले की पैसे आपोआप येत नाहीत. तुम्हाला परत जाऊन ते बटण दाबावं लागतं. मी तिसऱ्या दिवसाचा फोनवर गजर लावला होता.

तक्रार टाकली की दुकानदार अचानक फार प्रेमळ होतो. ‘तक्रार मागे घ्या, लगेच पैसे पाठवतो, माझं रेटिंग खराब होतंय.’ मागे घेऊ नका. मागे घेतलेली तक्रार बहुतेक ठिकाणी पुन्हा टाकता येत नाही. त्याला नम्रपणे लिहा की तक्रारीतच रिफंडचं बटण आहे, ते दाबलं की ती आपोआप मिटेल. अर्धी रक्कम घ्या आणि मिटवा, असाही प्रस्ताव येतो. पार्सल मिळालंच नाही तर अर्धं कशासाठी?

अमेरिकेतला पत्ता भाड्याने घेऊन तिथून माल पुढे मागवणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. दुकानदाराने त्या गोदामापर्यंत माल पोचवला की साइटच्या दृष्टीने व्यवहार संपला. तिथून सांगलीपर्यंतच्या प्रवासात हरवलं तर ईबे आणि पेपाल (ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा) दोघेही हात वर करतात. तिथे दाद मागायची ती फक्त त्या फॉरवर्डिंग कंपनीकडे, आणि पार्सलचा विमा काढला असेल तरच काही हाती लागतं.

पेपालने पैसे भरले असतील तर

देशांतर्गत व्यवहार पेपालने भारतात २०२१ मध्ये बंद केले, पण परदेशी खरेदीसाठी ते चालतं, आणि छोट्या स्वतंत्र दुकानांसाठी मला ते आवडतं. तक्रारीची मुदत पैसे भरल्यापासून १८० दिवस. ऑनलाइन खरेदीत इतका मोठा अवधी फारसा कुणी देत नाही.

पण यात एक फट आहे. तक्रार टाकली की आधी ती नुसतं ‘डिस्प्यूट’ असते, म्हणजे तुम्ही आणि दुकानदार एकमेकांशी बोलताय एवढंच. २० दिवसांच्या आत तुम्ही ती ‘क्लेम’मध्ये वाढवली नाही, तर ती बंद होते आणि पुन्हा टाकता येत नाही. १८० दिवसांच्या भरवशावर निवांत बसलेले लोक या २० दिवसांत गळतात. एकाच वेळी पेपालवर तक्रार आणि बँकेत चार्जबॅक (म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं) असंही करू नका. बँकेकडे गेलात की पेपाल आपली तक्रार बंद करतं. आधी पेपाल, तिथे हरलात तर बँक.

बँक: चार्जबॅक

साइटने नकार दिला, मुदत टळली, किंवा दुकानदाराची स्वतःचीच वेबसाइट होती आणि आता तो उत्तरच देत नाही, तेव्हा हा रस्ता. कार्डाने पैसे भरले असतील, मग क्रेडिट असो की डेबिट, कार्डच्या जाळ्याच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमांप्रमाणे माल न मिळाल्याची तक्रार बँकेमार्फत करता येते. व्हिसाच्या यादीत हे कारण १३.१ या क्रमांकाखाली येतं. मुदत साधारणपणे १२० दिवस. ती अपेक्षित तारखेपासूनही मोजता येते, पण बँकेशी त्यावरून वाद घालत बसण्यापेक्षा पैसे भरल्यापासूनच १२० मोजा आणि त्याच्या आत जा.

कस्टमर केअरला फोन लावला की समोरचा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो: ‘सर, हे ट्रान्झॅक्शन तुम्ही केलं होतं का?’ वैतागून किंवा घाईत ‘नाही हो, मला काही मिळालंच नाही’ असं बोललात, तर तुमची तक्रार फसवणुकीच्या खात्यात जाते. कार्ड ब्लॉक होतं, नवीन कार्ड येतं, आणि महिन्याभराने उत्तर येतं की व्यवहार तुमच्याच ओटीपीने झालाय, तक्रार बंद. रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करतात ते अनधिकृत व्यवहारांसाठी. तुमचा व्यवहार अधिकृतच होता, माल तेवढा आला नाही. म्हणून वाक्य असं असू द्या: ‘हो, व्यवहार मीच केला. वस्तू मिळालेली नाही. मला गुड्स नॉट रिसीव्हड या कारणाखाली डिस्प्यूट नोंदवायचाय, फॉर्म ईमेल करा.’ हे ऐकून फोनवरचा माणूस गोंधळला, तर फोन ठेवून कार्ड विभागाच्या ईमेलवर तेच लिहा. लेखी बरं.

फॉर्मबरोबर जोडायचं ते असं: ऑर्डरची पावती, अपेक्षित तारखेचा स्क्रीनशॉट, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट, दुकानदाराला रक्कम परत मागितल्याचा मेसेज आणि त्याचं उत्तर किंवा मौन. दुकानदाराशी आधी स्वतः प्रयत्न केल्याचा पुरावा नसेल तर बँक फॉर्म परत पाठवते. सगळं एकाच पीडीएफमध्ये, तारखांच्या क्रमाने, आणि पहिल्या पानावर पाच ओळींचा घटनाक्रम. बँकेतला माणूस रोज असल्या फायली बघतो. त्याला वाचायला सोपी फाइल लवकर पुढे सरकते.

बँक कधीकधी रक्कम लगेच खात्यात टाकते. ती तात्पुरती असते, खर्चून टाकू नका. दुकानदाराच्या बँकेला उत्तर द्यायला महिना-दीड महिना मिळतो आणि त्याने पोचवल्याचा पुरावा दिला तर ते पैसे पुन्हा कापले जातात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे दुकानदाराबद्दल लिहू नका, ते त्यांच्या कक्षेत नाही. ‘बँकेने माझा डिस्प्यूट कार्डच्या नियमांप्रमाणे पुढे पाठवला नाही’, हे लिहा.

लंडन-मँचेस्टरमधल्या मराठी मंडळींना आणखी एक हत्यार आहे. तिथल्या १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून महाग वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असेल, तर दुकानदाराइतकीच जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवरही येते, आणि हे परदेशी खरेदीलाही लागू आहे. पुण्याहून मागवलेली पैठणी वाटेत हरवली, तर हे कलम आठवा.

बँक ट्रान्सफरने किंवा मनी ट्रान्सफर कंपनीतून पैसे पाठवले असतील, तर मात्र यातलं काहीच लागू होत नाही. ‘कार्ड चालत नाही, ट्रान्सफर करा’ म्हणणारा दुकानदार दिसला, की तिथूनच मागे फिरा.

टपाल खात्याकडे काय मागता येतं

थोडंच. टपाल संघटनेच्या नियमांनुसार हरवलेल्या वस्तूची भरपाई मागण्याचा हक्क मुळात पाठवणाऱ्याचा. चौकशी पोस्टात टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तीही सहसा पाठवणाऱ्याने त्याच्या देशात करायची. रजिस्टर्ड पुडी हरवली तर ठरलेली भरपाई ३० एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एकक; ही भरपाई चाळीस डॉलरच्या आसपास भरते, मग आत चारशे डॉलरचं घड्याळ का असेना. ही रक्कमही दुकानदाराला मिळते. म्हणून ‘आधी टपाल खातं मला पैसे देऊ दे, मग मी तुम्हाला देतो’ हे त्याचं म्हणणं मान्य करू नका. तो त्याचा आणि त्याच्या टपाल खात्याचा प्रश्न.

भारतात पोचल्याची नोंद असेल तर मात्र इथे तक्रार जरूर करा: डाक विभागाच्या वेबसाइटवर किंवा १८०० २६६ ६८६८ वर. पैसे मिळत नाहीत, पण कधीकधी पार्सल हलतं, आणि तक्रारीचा क्रमांक पुराव्यात भर घालतो. तिथूनही ठोस उत्तर येईना तर माहिती अधिकार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्जात ‘माझं पार्सल कुठे आहे?’ असं विचारू नका. ‘अमुक नंबरची वस्तू कोणत्या तारखेला कस्टम्सकडे दिली, कोणत्या तारखेला परत मिळाली, त्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असं विचारा. माहिती अधिकारात कागद मागायचे असतात, खुलासे नव्हे.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करायची सोय २०१९ च्या कायद्यात आहे. पण लिथुआनियातल्या एकट्यादुकट्या विणकाम करणाऱ्या बाईवर नाशिकच्या आयोगाची नोटीस बजावून घेण्यात तुमची दोन वर्षं जातील. कंपनीचं भारतात कार्यालय असेल तरच हा रस्ता धरा.

पैसे आले, पण कमी का?

माझ्या खात्यातून ४७.५० पौंडांचे ५,१९३ रुपये गेले होते. १०५ चा दर, त्यावर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खरेदीवर बँक लावते तो आकार), त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. परत आले ४,८८३. दुकानदाराने पौंडांत पूर्ण रक्कम दिली होती, पण त्या दिवशीचा दर १०२.८० होता आणि बँकेने मार्कअप परत केला नाही. ३१० रुपये गेले ते गेले. यासाठी दुकानदाराशी भांडू नका, त्याच्या हिशोबात पूर्ण रक्कम परत गेलेली असते.

‘रिफंड केलाय’ असं तो म्हणतोय आणि दोन आठवड्यांनीही खात्यात काही नाही, तर त्याच्याकडून एआरएन मागा. हा २३ आकडी क्रमांक प्रत्येक कार्ड रिफंडला असतो. तो बँकेला दिला की ‘आमच्याकडे आलं नाही’ हे उत्तर सहसा बदलतं. क्रमांक देता येत नसेल तर रिफंड बहुधा केलेलाच नाही.

आणि नंतर पार्सल आलंच तर

येतं. चार महिन्यांनी, मळकं, कोपरे दबलेलं. साइट तुमच्याकडून पैसे परत घेत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते तुमच्यावर. मी दुकानदाराला कळवतो आणि पेपालवर बिल पाठवायला सांगतो. एकदा जपानमधल्या एका म्हाताऱ्या पेनवाल्याला मी असं कळवलं, तर त्याने निम्म्याच किमतीचं बिल पाठवलं, वर उशिराबद्दल माफीही मागितली.

सुई मात्र अजून आलेली नाही. दुसरी मागवली तेव्हा पत्ता आधी रोमन अक्षरांत कागदावर लिहून मोजला. तिकडच्या फॉर्ममध्ये ओळीला ३५ अक्षरं मावतात आणि ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ लिहिता लिहिता फ्लॅट नंबरच कापला जातो. संस्थेचं नाव काढून टाकलं, त्या जागी मोबाइल नंबर घातला. अकराव्या दिवशी पोस्टमनचा फोन आला: ‘घरी आहात का? बाहेरगावची पुडी आहे, सही लागेल.’